गिरणीतून अंगणात आलेले गवत



गवताचा इतिहास सांगण्यासाठी यंत्रमाग कामगारांच्या युनियनचा माणूस का उभा केला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते सोलापुरातल्या मागांच्या खडखडाटात आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे वनस्पतिशास्त्राशी माझी ओळख नाही. पण ज्या गवताबद्दल मी बोलणार आहे ते शेतात उगवत नाही, कारखान्यात विणले जाते. आणि कापडाच्या गोष्टीत बोलण्याचा थोडासा अधिकार आमच्यासारख्यांना आहे, असे मी समजतो.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात घराच्या मागे मोकळी जागा असते. आपल्याकडे तिला परसू म्हणत. तेथे तुळस, अळू, कढीपत्ता असे. त्यांच्याकडे हिरवळ असते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या परसात कृत्रिम गवताचे क्रीडांगण घालून घेण्याची रीत सुस्थित कुटुंबांत रुजली आहे. टेनिससाठी पुरेशी जागा नसेल तर मुलांना चेंडू मारण्यापुरते, नाहीतर म्हाताऱ्या गृहस्थाला गोल्फची चेंडी भोकात ढकलण्यापुरते. पूर्ण टेनिसचे अंगण म्हणजे ७८ फूट लांब व ३६ फूट रुंद रेषांचे; त्याभोवती धावायला जागा सोडली की १२० फूट बाय ६० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट जमीन लागते. आमच्या वस्तीत एवढ्या जागेत किती खोल्या बसतील याचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला होता. तो येथे सांगत नाही.

हे अंगण घालतात कसे, ते आधी पाहू. आपल्यापैकी जे खेड्यातून आले आहेत त्यांना मळणीचे खळे आठवत असेल. जागा खणायची, काडीकचरा वेचायचा, पाणी शिंपून माती चोपायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोपणे, मग शेणाने सारवायचे आणि मध्यभागी तिवडा रोवायचा. तिकडचे काम मुळात तेच आहे. प्रथम चार ते सहा इंच माती मुळांसकट उचलतात. तळाशी एक जाड न विणलेले कापड अंथरतात, म्हणजे खालचा चिखल वर येत नाही. त्यावर फोडलेली खडी थराथराने पसरून, ओली करून, धडधडणाऱ्या यंत्राने ठोकतात. वर बारीक कच. पाणी साचू नये म्हणून शंभर फुटांना सुमारे एक फूट उतार ठेवतात. टेनिसचे अंगण असेल तर खडीवर डांबराचा किंवा काँक्रीटचा थर घालतात, कारण तेथे चेंडू सगळीकडे सारखा उडाला पाहिजे.

मग गवत येते. गालिच्यासारखे, गुंडाळ्या करून, बारा ते पंधरा फूट पन्ह्याचे. सर्व पट्टे एकाच दिशेने अंथरावे लागतात. एखादा उलटा पडला तर त्याची लव दुसऱ्या बाजूला झुकते आणि तो रंगाने वेगळा दिसतो. मखमलीवर हात फिरवलेल्या कोणाही शिंप्याला हे सांगावे लागणार नाही! दोन पट्ट्यांच्या कडा कापून, खाली रुंद पट्टी घालून गोंदाने चिकटवतात. मैदानाच्या पांढऱ्या रेषा रंगवलेल्या नसतात. हिरवे कापून त्या जागी पांढरे बसवलेले असते, लुगड्याला पट्टी जोडावी तसे. शेवटी कोरडी वाळू टाकून झाडूने पात्यांच्या बुडाशी घालवतात. टेनिसच्या अंगणात ही वाळू टनावारी जाते. गवत जागच्या जागी राहते ते बरेचसे या वाळूच्या वजनाने.

माळ्याचे काम येथे कोठेच आले नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. खडी फोडणाऱ्याचे आले, गवंड्याचे आले, शिंप्याचे आले. आणि हे आजचे नाही. हिरवळीचा आणि कापडगिरणीचा संबंध जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. तो कसा जुळला ते सांगण्यासाठी मला आपल्याला इंग्लंडच्या पश्चिम भागात न्यावे लागेल.

विल्टशायर आणि ग्लॉस्टरशायर हे लोकरी कापडाचे जुने परगणे. लोकरीचे कापड विणून झाले की ते कुटून घट्ट करीत, मग काटेरी बोंडांनी खरवडून त्यावरचे तंतू उभे करीत आणि ते उभे तंतू मोठ्या कात्रीने एकसारखे छाटीत. ही कात्री सुमारे वीस किलो वजनाची असे. छाटणारा कारागीर हा कापड खात्यातला राजा होता. त्याचा हात घसरला तर सगळ्यांची मेहनत वाया जाई. म्हणून त्याला मजुरी चांगली मिळे आणि त्याची संघटनाही बळकट होती. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांचे संघ बेकायदा ठरवले, तरी हे लोक एकमेकांना धरून होते.

मग तंतू उभे करणारी यंत्रे आली. १८०२ साली विल्टशायरमध्ये त्यांविरुद्ध दंगे झाले आणि लिटलटन येथील गिरणी जाळण्यात आली. त्या प्रकरणात टॉमस हेलिकर नावाच्या छाटणी खात्यातल्या उमेदवार मुलाला पकडले. आग लावणाऱ्यांची नावे त्याने सांगितली नाहीत. तो स्वतः तेथे नव्हता असे पुष्कळांचे मत होते व आजही आहे. २२ मार्च १८०३ रोजी त्याला सॅलिस्बरी येथे फाशी दिले. त्या दिवशी त्याला एकोणीस वर्षे पूर्ण झाली. कापड कामगारांनी त्याचे प्रेत ट्रोब्रिजला नेऊन पुरले व त्याच्यावर थडगे बांधले. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायरमध्ये १८१२ साली छाटणी यंत्रे फोडणारे कारागीर हे त्याच धंद्यातले. त्यांना इतिहास ‘लुडाइट’ म्हणतो आणि प्रगतीचे वैरी म्हणून हिणवतो. पोट गेलेल्या माणसाने यंत्राची आरती करावी ही अपेक्षा ज्यांनी कधी पोट गमावले नाही त्यांची असते.

१८१५ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील ब्रिम्सकोम येथील जॉन लुईस याने एक छाटणी यंत्र काढले. एका नळकांड्यावर मळसूत्री वळणाची पाती बसवलेली. ते फिरले की खालून सरकणाऱ्या कापडावरचे तंतू सारखे कापले जात. या यंत्राने कात्रीवाल्यांचा धंदा बुडवला. त्याच खोऱ्यात, स्ट्राउड गावाजवळ, एडविन बडिंग नावाचा कुशल यंत्रकारागीर होता. गिरणीतली ही यंत्रे पाहताना त्याच्या मनात आले की, जे कापडाची लव छाटते ते जमिनीची लव का छाटणार नाही? त्याने तेच नळकांडे चाकावर बसवले, मागे दांडा लावला, आणि १८३० च्या ऑगस्टमध्ये एकस्व घेतले. गवत कापण्याचे पहिले यंत्र ते हेच. जॉन फेराबी या कारखानदाराच्या भागीदारीत ते तयार होऊ लागले. शेजाऱ्यांनी वेडा म्हणू नये म्हणून बडिंग रात्री यंत्र चालवून पाही अशी आख्यायिका आहे; खरी असो वा नसो, शोधकाचे मन तिच्यात दिसते. एकस्वाच्या कागदात त्याने असेही नमूद केले की खेड्यातल्या सभ्य गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक आणि व्यायाम दोन्ही लाभतील. सभ्य गृहस्थांनी अर्थातच ते माळ्याच्या हाती दिले.

यंत्र येण्यापूर्वी हिरवळ विळ्याने, दवात भिजलेली असताना, पहाटे कापीत. ते कसबाचे आणि खर्चाचे काम होते. बडिंगच्या यंत्राने मध्यम स्थितीच्या माणसालाही गालिच्यासारखे अंगण परवडू लागले. आणि अंगण सपाट झाले की त्यावर काहीतरी खेळावेसे वाटणारच. १८७४ साली मेजर वॉल्टर विंगफील्ड या निवृत्त लष्करी गृहस्थाने जाळे, खुंट्या, रॅकेटी आणि रबरी चेंडू एका पेटीत भरून ‘कोठेही मांडता येणारे टेनिसचे अंगण’ पाच गिनींना विकायला काढले. रबर पक्के करण्याची युक्ती तोवर साधली होती, म्हणून चेंडू गवतावर उडत होता. त्याने खेळाला ठेवलेले ग्रीक नाव कोणाच्या जिभेवर बसले नाही आणि मध्ये चिंचोळे होणारे त्याचे अंगणही टिकले नाही. पण घराच्या मागे खेळाचे अंगण असावे ही हौस या पेटीने घरोघर पोहोचवली. १८७७ मध्ये विंबल्डनच्या क्लबाने पहिली स्पर्धा घेतली ती तट्टाने ओढायच्या रोळाच्या दुरुस्तीला पैसे हवे होते म्हणून. जगातली सर्वांत मानाची टेनिस स्पर्धा एका रोळापायी जन्माला आली, हे ऐकून कोणाही नगरपालिकेच्या कामगाराला बरे वाटेल.

आता कापडाकडे परत येऊ. १९४९ मध्ये अमेरिकेत मोन्सँटो आणि अमेरिकन व्हिस्कोज या दोन कंपन्यांनी मिळून केमस्ट्रँड ही धाग्याची कंपनी काढली. फ्लोरिडातील पेन्साकोला येथे तिचा नायलॉनचा मोठा कारखाना उभा राहिला. नायलॉनला नवनवी गिऱ्हाइके हवीच होती. त्याच सुमारास दुसरीकडे एक निराळाच विचार चालू होता. कोरियाच्या युद्धात भरती झालेल्या तरुणांत शहरी मुले खेड्यातल्या मुलांपेक्षा अशक्त दिसली, आणि त्याचे एक कारण शहरात खेळायला जागाच नाही हे, अशी चर्चा झाली. फोर्ड फाउंडेशनने १९५८ साली शाळांच्या इमारती व सोयी यांचा अभ्यास करणारी एक संस्था काढली होती. सिमेंटच्या पटांगणावर किंवा गच्चीवर अंथरता येईल आणि मुलांच्या दांडगाईने मरणार नाही असे काही गवत निघते का, हा प्रश्न तिने हाती घेतला; केमस्ट्रँडच्या संशोधकांनी उत्तर शोधले. नायलॉनच्या पट्टीदार धाग्यांची उंच लव असलेले ते कापड होते. त्याला केमग्रास म्हणत. १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स गावच्या मोझेस ब्राउन शाळेत ते प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरले गेले.

हेतू लक्षात ठेवावा: दाटीवाटीच्या वस्तीतल्या पोराला खेळायला जागा मिळावी. नंतर जे घडले त्यात या पोराचा शोध मी बराच घेतला. तो क्वचितच सापडतो.

पुढच्याच वर्षी ह्यूस्टन शहरात ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह उघडले. त्याचे सूत्रधार रॉय हॉफहाइन्झ हे त्या शहराचे माजी महापौर, आणि मोठे हिकमती. छताला ४,५९६ पारदर्शक तावदाने बसवली होती, म्हणजे आत खरे गवत वाढेल. ऊन आले, गवतही वाढले. पण उंच उडालेला चेंडू त्या लखलखाटात बेसबॉलच्या खेळाडूंना दिसेना. म्हणून तावदानांना रंग दिला. चेंडू दिसू लागला, गवत मेले. उरलेला हंगाम हिरवा रंग मारलेल्या मातीवर काढला. १९६६ च्या एप्रिलमध्ये केमग्रास आणले, तेही मैदानाच्या आतल्या भागापुरतेच, कारण तेवढाच माल तयार होता. बाहेरचा भाग जुलैमध्ये झाला. पट्टे एकमेकांना झिपने जोडलेले होते. क्रीडागृहाच्या नावावरून त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडले आणि ते जगभर झाले. मैदान राखणाऱ्या मजुरांना तेथे अंतराळवीरांसारखा पोशाख चढवला, त्यांना ‘पृथ्वीमानव’ म्हणत, आणि ते प्रेक्षकांसमोर नायलॉनवर झाडलोट करीत. कामगाराचे सोंग करून तिकिटे विकण्याचा हा प्रकार मला कधी आवडला नाही.

हे गालिचे विणतात कोठे? जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचे गाव आहे. आज स्वतःला जगाची गालिच्यांची राजधानी म्हणवते. ॲस्ट्रोटर्फचे मुख्य ठाणेही तेथेच आहे. या गावाचा धंदा कॅथरीन एव्हान्स या एका मुलीने सुरू केला. १८९५ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने जुन्या पद्धतीची गोंडेदार चादर हाताने केली. १९०० साली एक चादर अडीच डॉलरला विकली. मग घरोघरच्या बायका ओसरीवर बसून कामावर मजुरी घेऊन चादरींत गोंडे भरू लागल्या. हमरस्त्याच्या कडेला दोऱ्यांवर मोराच्या नक्षीच्या चादरी टांगलेल्या असत. १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला. तासाला पंचवीस सेंट द्यायचे तर ओसरीवरचे काम मालकाला महाग पडू लागले आणि त्याने शेकडो सुयांची यंत्रे आणली. चादरीचे यंत्र रुंद झाले, की गालिचाचे यंत्र झाले.

आमच्या सोलापुरी टॉवेलची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. टॉवेलच्या मागावर दोन ताणे असतात, एक कसलेला आणि एक सैल. सैल ताण्याचे वेढे वर येतात. डाल्टनच्या यंत्रात ताणा-बाणा नसतो. तयार कापडातून सुया धागा खाली ढकलतात, खालचा आकडा तो वेढा धरून ठेवतो आणि सुरी तो कापते. पाठीला चिकट लेप दिला की धागे पक्के. हे काम मागापेक्षा कितीतरी वेगाने होते. आज नायलॉनऐवजी बहुधा पॉलिथिलीनचे पाते असते, एवढाच फरक. डाल्टनमध्ये १९५० नंतरच्या दशकात कापड कामगारांच्या युनियनने पाय रोवण्याचा प्रयत्न केला, एकदोन पाद्रीही कामगारांच्या बाजूने उभे राहिले. पण मालकांची एकी मोडली नाही आणि तेथे युनियन कधी रुजली नाही. आज त्या गावात मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती मोठी आहे आणि गालिच्यांच्या कारखान्यांतले पुष्कळसे हात त्यांचे आहेत.

ज्यांना या गालिच्यावर पोटासाठी धावावे लागले त्यांनी मात्र तोंड उघडले. अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू पगारी असतात आणि त्यांची युनियन आहे. त्या युनियनने १९७३ सालीच सरकारच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाकडे कृत्रिम गवताविरुद्ध दाद मागितली. पाय अडकतो, गुडघा पिरगळतो, पडले की कातडी भाजल्यासारखी सोलते, अशा तक्रारी होत्या. २०२० मध्ये त्याच युनियनच्या अध्यक्षाने २०१२ ते २०१८ या काळातील आकडे पुढे ठेवले: कोणाचा धक्का न लागता पायाला होणाऱ्या दुखापतींचे प्रमाण कृत्रिम गवतावर २८ टक्क्यांनी अधिक. २०१५ ची स्त्रियांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा कॅनडात सर्वच्या सर्व कृत्रिम मैदानांवर खेळवली. पुरुषांच्या विश्वचषकात असे कधी झाले नव्हते. काही नामवंत स्त्री-खेळाडूंनी २०१४ मध्ये त्याविरुद्ध तक्रार गुदरली आणि पुढच्या जानेवारीत ती मागे घ्यावी लागली. कामाची जागा सुरक्षित असावी, ही मागणी गिरणीतली असो वा मैदानावरची, ती मांडणाऱ्याला प्रथम ‘कुरकुऱ्या’ म्हणतात.

आपल्या देशाला या गालिच्याची ओळख १९७६ मध्ये झाली. आदल्या वर्षी क्वालालंपूरला गवतावर हॉकीचा विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर उतरला आणि सातवा आला. १९२८ पासून हॉकीत पदकावाचून परतण्याची ती पहिली वेळ. १९८० मध्ये मॉस्कोत सुवर्णपदक मिळाले हे खरे, पण तेथे अनेक देश आलेच नव्हते. पुढचे पदक मिळायला २०२१ उजाडले. एकट्या मैदानावर सारा दोष घालणे बरोबर नाही. तरी ज्या श्रीमंत देशांना गावोगाव असली मैदाने घालणे परवडले त्यांची मुले लहानपणापासून त्यावर वाढली आणि आमची मुले मातीवर. पुण्याजवळच्या खडकीला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले वाढला. मैदान राखणाऱ्याचा मुलगा. मोडक्या काठ्यांनी आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी धुळीत शिकला. त्याच्या आधी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा आयुष्यात प्रथमच मातीऐवजी मॅटवर लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक आणले ते मॅटचा सराव करून. पायाखालची जमीन कोण ठरवतो, याला खेळात फार महत्त्व आहे. शिवाय हॉकीच्या या मैदानावर सामन्यापूर्वी भरपूर पाणी मारावे लागे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला गवताऐवजी प्लॅस्टिकला पाणी घालणे पाहवत नाही.

आणि गंमत अशी, की अमेरिकेत परसात कृत्रिम गवत घालण्याची लाट आली ती पाणी वाचवण्याच्या नावाने. २०१५ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी दुष्काळामुळे शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम काढला. हिरवळ काढून टाकणाऱ्यांना पैसे दिले गेले, आणि त्याच वर्षी घरमालकांच्या सोसायट्यांना कृत्रिम गवतावर बंदी घालता येणार नाही असा कायदा झाला. आठ वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच राज्याने दुसरा कायदा करून गावांना ही बंदी घालण्याची मुभा दिली. मधल्या काळात लोकांना ऊन कळले होते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मंडळींनी २००२ च्या सुमारास मोजले, तेव्हा ३७ अंशांच्या दिवशी त्यांच्या कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग सुमारे ९३ अंशांपर्यंत तापलेला सापडला. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. आपल्याकडेही हल्ली मोकळ्या प्लॉटवर जाळ्या लावून तासाच्या भाड्याने ‘टर्फ’ देतात, ते लोक संध्याकाळीच का खेळतात ते यावरून कळावे. युरोपीय संघाने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध घातले. मैदानात पसरण्याचे रबराचे व प्लॅस्टिकचे दाणे २०३१ च्या ऑक्टोबरनंतर तेथे विकता येणार नाहीत. परसातल्या टेनिसच्या अंगणात वाळूच असते, त्यामुळे त्या मालकांना याची झळ लागणार नाही.

झळ लागते ती वेगळ्याच माणसाला. लॉस एंजलिस शहरातली हिरवळ मेक्सिकोतून आणि मध्य अमेरिकेतून आलेले माळी राखतात. आठवड्यातून एकदा एका घरी, असे ठरलेले घर त्यांच्या वहीत असते. १९९८ च्या जानेवारीत त्यांतल्या काहींनी नगरभवनासमोर उपोषण केले. पालापाचोळा उडवण्याचे पेट्रोलवरचे यंत्र शहराने बंद केले होते. ते नसेल तर तेच काम झाडूने करायला दुप्पट वेळ लागेल आणि मजुरी तेवढीच राहील, हे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे तेथे कामगार यंत्र वाचवण्यासाठी उपाशी बसले होते! जेथे प्लॅस्टिकचे अंगण येते तेथे कापायला गवतच नसते. खडी ठोकून गुंडाळ्या अंथरण्याचे काम पुष्कळदा त्याच माळ्यांच्या बांधवांना मिळते. ते काम एकदाच निघते आणि काही दिवसांत संपते. त्या घराची आठवड्याची फेरी मात्र वहीतून खोडावी लागते.